फौजी तात्यांचा बांध



पिकाची नोंद आधी उरकतो. वाघ्या घेवडा फुलोऱ्यात आहे. पाऊस धरून राहिल्यामुळं खालच्या पानांवर तांबेऱ्याचे ठिपके दिसायला लागलेत. उघडीप मिळाली की फवारणी घेणार. बाकीची आजची नोंद बांधाची आहे.

आमच्या वावराला लागून फौजी तात्यांचं वावर. आमच्या कोरेगाव भागात भावकीत एक तरी फौजी असतोच, त्यामुळं कुणाला त्याचं नवल नाही. अन् नवल नाही म्हणूनच कुणी काही विचारतही नाही. पंधरा ऑगस्टला शाल, नारळ, पुढच्या रांगेत खुर्ची. सोळा तारखेला ते परत आपले ढोरामागं.

माझा मुलगा बारावीला आहे. भरतीसाठी पहाटे 1600 मीटर पळतो, मोबाइलच्या स्टेटसला बारा महिने तिरंगा. मागं एकदा त्याला गाडीवरून अपशिंगे मिलिटरीला नेलं होतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण गेले, त्यांचा स्मृतिस्तंभ तिथं आहे. पोरानं स्तंभापुढं फोटो काढला अन् दहा मिनिटांत म्हणाला, "चला पप्पा." मला राग आला. पण मी तरी त्याला काय सांगितलं होतं? दगड दाखवला, माणूस दाखवलाच नाही.

यंदा झेंडावंदन झाल्यावर संध्याकाळी आम्ही दोघं बांधावर होतो. तात्या शेळीला पाला काढत होते. पोरानं सरळ विचारलं, "तात्या, तुम्ही लढाईत किती मारले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्या रागावले नाहीत. विळा खाली ठेवला अन् बसले.

तात्या 1 मराठा लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे जंगी पलटणीचे. 1971 च्या डिसेंबरात ही पलटण आत्ताच्या बांगलादेशात जमालपूरला होती. ब्रह्मपुत्रा ओलांडून तिनं जमालपूरच्या पाठीमागचा रस्ता धरला. 10 तारखेच्या रात्री वेढ्यातली पाकिस्तानी फौज निसटायला म्हणून या पलटणीच्या अंगावर आली. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. पुस्तकात एवढंच मिळतं. तात्यांनी सांगितलं ते वेगळं.

"भाताच्या खाचरात मोर्चं खणलं आमी. बांध फोडायला लागला. कुणाचा व्हता कुणास ठावं. मी शेतकऱ्याचा पोरगा, दुसऱ्याच्या बांधावर कुदळ मारताना हात थरथरला बघ. गोळीची भीती मागनं आली."

थोडं थांबून म्हणाले, "माझ्या शेजारच्या मोर्चातला गेला. त्याच्या घरचं पत्र तवाच आलं व्हतं. बैल आजारी हाय, पैसं धाडा म्हणून."

पोरगा गप्प झाला. अन् मी खाली बघायला लागलो. का, ते आता लिहितो. चार वेळा लिहून पुसलंय.

ज्या वर्षांत तात्या सीमेवर होते, त्या वर्षांत माझ्या वडिलांनी तात्यांचा बांध कोरला. दर नांगरटीला वीतभर. काकू एकटी, पदरात दोन लहान लेकरं. तिनं दोनदा चार माणसांत सांगितलं. "बाईला बांधातलं काय कळतंय," म्हणून विषय मिटवला. हे मला आईनं सांगितलं होतं, तेही वडील गेल्यावर. मला ठाऊक होऊन अकरा वर्षं झाली. ती अकरा वर्षं मी त्याच पट्ट्यात पेरत आलो आणि दर पंधरा ऑगस्टला तात्यांना वाकून नमस्कार करत आलो.

त्या रात्री पोराला सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर विसरायची नाही. पण सकाळी टेप त्यानंच आणला. शिवेचा जुना दगड अजून जागेवर आहे. तिथं फरक काहीच नाही, ओढ्याकडच्या टोकाला मात्र साडेसहा फूट. लांबी 330 फूट. त्रिकोणाचा हिशेब पोरानंच केला. जवळजवळ गुंठा भरतो. एकरी 40 टन धरले तर ज्या साली ऊस होता त्या साली टनभर ऊस त्यांचा, गाडीत आमच्या.

तात्यांच्या घरी गेलो. मी बोलायला सुरुवात केली तर म्हणाले, "मला ठावं हाय. वर्साला दोन महिन्यांची छुट्टी मिळायची. आलो की पावलं टाकून मोजायचो. भांडत बसलो असतो तर छुट्टी चावडीत अन् कोर्टात गेली असती. लेकरं कवा बघितली असती?"

माझं काम सोपं झालं असं वाटलं. तेवढ्यात काकू चुलीपुढनं उठून आल्या.

"ह्यास्नी काय इचारतोस? हे पलटणीत व्हते. वावर मी केलं, पेरलं मी, चार माणसांत हसं माझं झालं. मला इचार."

मी काकूंची माफी मागितली. त्या 'असू दे' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "दगड कवा लावतोस?"

म्हटलं, घेवडा निघाला की.

"आत्ता लाव. त्यातला घेवडा मी काढीन."

दगड लागले. खड्डे पोरानं खणले. काकू उभ्या राहून जागा दाखवत होत्या. मोजणीचा अर्जही करतोय, म्हणजे पुढच्या पिढीत शब्दावर शब्द नको.

मंडळी, पोरांना फौजींची किंमत कळत नाही असं आपण पारावर बसून म्हणतो. पोरं आपलंच बघून शिकतात. फौजीला शाल देताना अन् त्याच्या बायकोचं म्हणणं उडवून लावताना, दोन्ही वेळा पोरगं तिथंच असतं. तो सीमा राखत होता तेव्हा इकडं त्याची शीव कोण राखत होतं, एवढं जरी त्यांना विचारायला लावलं तरी पुष्कळ. आपल्या पोराला शेजारच्या फौजीकडं घेऊन जा. किती मारले हे विचारू देऊ नका. घरी पेरणी कोण करायचं, पत्र किती दिवसांनी यायचं, ते विचारू द्या. अन् त्यांच्या घरची माऊली बोलायला लागली तर मध्ये बोलू नका.

आणि बांधाला बांध लागून असेल, तर आधी टेप घेऊन जा.

हल्ली पोरगा पळून आला की अर्धा तास तात्यांकडं बसतो. काय बोलतात ते मी विचारत नाही. तांबेऱ्याचं काय झालं ते पुढच्या नोंदीत.

राम राम.