पातळ पडद्याचा नाद

शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याने हेडफोनसारख्या एकलकोंड्या यंत्रापायी लाखांच्या घरातील रक्कम खर्ची घालावी काय, हा वाद ज्याच्या त्याच्या घरच्या जमाखर्चावर सोपवून, एका ध्वनिमुद्रक स्नेह्याच्या औदार्यामुळे गेल्या पावसाळ्यात पुण्यास त्याच्या खोलीत बसून ज्या तीन प्लेनर हेडफोनांची मी तुलना करू शकलो, त्यांची हकीकत येथे नोंदवीत आहे. पहिला कॅलिफोर्नियातील ऑडेझीचा एलसीडी-एक्स, दुसरा रुमानियातील मेझेचा एम्पिरियन आणि तिसरा हायफायमॅनचा सुस्वरा. तिन्ही पाठीमागून उघडे असल्याने ऐकणाऱ्याबरोबर शेजारी बसलेल्यालाही गाण्याचा काही हिस्सा फुकट मिळतो.

सामान्य हेडफोनात पडद्याला एक तारेचे वेटोळे चिकटविलेले असते व तेच त्याला मागेपुढे ढकलते; प्लेनर जातीत मात्र अतिशय पातळ पडद्यावरच धातूचे वाहक पट्टे पसरलेले असतात, आणि चुंबकांच्या क्षेत्रात त्यांतून प्रवाह वाहू लागला की पडदा बहुतेक सर्वांगाने एकदम हलतो. ही युक्ती आजची नव्हे. यामाहाने 1976 साली याच तत्त्वावरचा एचपी-1 बाजारात आणला होता आणि त्याची देहयष्टी मारिओ बेल्लिनी या इटालियन रचनाकाराने घडविली होती.

सुनावणीस आरंभ करण्यापूर्वी स्नेह्याने मापकयंत्र लावून तिघांची पातळी सारखी करून घेतली. कारण किंचित मोठा आवाज कानास नेहमीच सरस भासतो, आणि कानाची ही लाचखोरी हौशी मंडळींच्या पुष्कळशा फैसल्यांच्या मुळाशी असते. येथेच पहिला भेद उघड झाला. एक मिलिवॉट शक्तीला एलसीडी-एक्स 103 डेसिबल देतो, तर सुस्वरा अवघे 83. म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी त्याला शंभरपट शक्ती पुरवावी लागते. फोनला जोडला तर तो मरगळून गातो, आणि तगड्या ॲम्प्लिफायरची तजवीज केली की त्याच गाण्यात एकाएकी जीव येतो.

कसोटीस मी मुद्दाम तंबोरा घेतला. काळी एकच्या मर्दानी तंबोऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्‌झवर वाजतो, परंतु जवारी नीट लागली असेल तर त्याच तारेतून वरच्या स्वरांची एक लांबलचक साखळी उमटत राहते. तेव्हा यंत्राला तळ आणि शिखर दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागतात. एलसीडी-एक्सवर खर्ज अंगावर येईल इतका सघन लागला आणि डग्ग्यावरची घीस अगदी हाताशी आली, मात्र जवारीचा वरचा पदर किंचित आत ओढल्यासारखा वाटला. एम्पिरियनने सर्व काही मऊ, उबदार करून मांडले. किशोरीताई आमोणकरांच्या भूपातली दीर्घ मींड त्यावर फार सुखाची झाली, तरी तबल्याच्या चाटेची धार थोडी बोथटली. सुस्वरावर दोन तंबोरे दोन ठिकाणी बसलेले ऐकू आले, आणि गायिकेचा श्वास व त्यामागून येणारा स्वर यांतील फट कळली. नादाच्या बाबतीत तोच पहिला, हे मी बिनशर्त कबूल करतो.

पण हेडफोन कानाइतकाच मानेनेही ऐकावा लागतो. एलसीडी-एक्सचे वजन 612 ग्रॅम. विलंबित ख्याल रंगात येण्याच्या सुमारास मानेची तक्रार दाखल होते. बांधणी मजबूत खरी, पण गाद्या गोंदाने चिकटविलेल्या असल्याने त्या बदलणे हे खरवडण्याचे काम होऊन बसते. एम्पिरियन 430 ग्रॅमचा. त्याची चौकट ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढलेली आहे, गाद्या चुंबकाने जागच्या जागी खट्‌कन बसतात, आणि माथ्यावरचा रुंद पट्टा भार असा वाटून देतो की थोड्या वेळाने डोक्यावर काही आहे याचाच विसर पडावा. सुस्वरा 450 ग्रॅमचा, डोक्यावर बसायला चांगला. पण त्याची किंमत पाहता हाताला जी घनता लागावी अशी अपेक्षा होते ती लागत नाही, आणि एम्पिरियन शेजारी ठेवला की हा फरक फारच डोळ्यांत भरतो.

ध्वनिमुद्रणाचे दोष शोधणे हा ज्याचा धंदा आहे त्याने एलसीडी-एक्स घ्यावा. माझा स्नेही तोच वापरतो. ज्याच्यापाशी सुस्वरा आणि त्याला पोसणारा ॲम्प्लिफायर या दोहोंची ऐपत आहे त्याला माझ्या शिफारशीची गरज नाही. मला स्वतःला एकच निवडण्याचा हुकूम झाला तर मी एम्पिरियन निवडीन, कारण अख्खा ख्याल मी त्यावरच न काढता ऐकू शकलो. वाचकांना एवढीच विनंती की, दुकानात जाताना कंपनीचे नमुन्याचे संगीत बाजूस सारून स्वतःस पाठ असलेले एखादे गाणे बरोबर न्यावे, आणि ते शेवटपर्यंत ऐकल्याखेरीज पैशांच्या पाकिटाला हात लावू नये.