दोन मित्र आणि एक बहीण

एम.ए.ला धर्माचे समाजशास्त्र शिकताना आमच्या मॅडमनी एक कादंबरी वाचायला लावली होती. हाईम पोटोक यांची 'द चोझन', प्रकाशन १९६७. दोन ज्यू मुलांच्या मैत्रीची ही गोष्ट वाचून तेव्हा मी रडले होते. परवा पुन्हा वाचली, तेव्हा मात्र भांडावेसे वाटले.

काळ १९४४, न्यूयॉर्कचा ब्रुकलिन भाग. रूवेन आणि डॅनी दोघांच्याही घरी धर्म काटेकोर पाळतात. तरी डॅनीच्या हसिदी पंथातली मुले रूवेनच्या संघाला धर्मभ्रष्ट समजूनच मैदानात उतरतात. डॅनीने टोलवलेला चेंडू रूवेनच्या चष्म्यावर बसतो, काच डोळ्यात जाते. डॅनी माफी मागायला दवाखान्यात येतो, रूवेन त्याला हाकलतो. तेव्हा रूवेनचे वडीलच मुलाला समजावतात की, माफी मागायला आलेल्याचे ऐकून घ्यायचे असते.

हे वडील शिक्षक आहेत. तालमूद हा धर्मग्रंथ ते पाठभेद तपासून, चिकित्सा करत वाचतात. डॅनीचे वडील रब्बी सॉन्डर्स, पंथाचे प्रमुख. ते अभ्यासाखेरीज मुलाशी बोलतच नाहीत. का, तर बुद्धिमान पोराला दुसऱ्याचे दुःख कळावे म्हणून! शेवटी हे कारण उलगडते आणि वाचक हेलावतो. मी मुलांमध्ये काम करते. बाप बोलत नाही म्हणून आतून मिटलेली पोरे मी पाहिली आहेत. याला शिक्षण म्हणणे मला मान्य नाही.

महायुद्धानंतर रूवेनचे वडील ज्यू राष्ट्रासाठी जाहीर सभेत बोलतात. सॉन्डर्स यांच्या मते मसीहा येण्याआधी असे राष्ट्र उभारणे हा धर्मद्रोह. ते डॅनीला रूवेनशी बोलायलाच बंदी करतात. एकाच कॉलेजात शिकणारे दोन मित्र वर्षाहून अधिक काळ मुक्याने वावरतात. रूवेनचे वडील मात्र उलट बंदी घालत नाहीत. अशा कडव्या माणसांमुळेच ज्यू टिकले, असेही ते मुलाला सांगतात. दोन्ही बाप श्रद्धाळूच. फरक आहे तो मुलाला वेगळे मत असू देण्यात.

पुढे डॅनी मानसशास्त्राकडे वळतो, रूवेन रब्बी व्हायचे ठरवतो. सगळे याचेच कौतुक करतात. पण वडिलांची गादी मोडत नाही, ती डॅनीच्या आजारी धाकट्या भावाकडे जाते. वारसा रक्तानेच चालतो.

आणि डॅनीची बहीण? रूवेनला ती आवडू लागते. मग कळते, तिचे लग्न ती दोन वर्षांची असतानाच वडिलांच्या एका अनुयायाच्या मुलाशी ठरले आहे. बाबासाहेबांनी १९१६ साली याच न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात, जातीचे मूळ गटांतर्गत विवाहात दाखवले होते. ज्यू पंथ म्हणजे जाती नव्हेत, हे मला कळते. पण तो निबंध वाचलेला माणूस इथे अडखळणारच. हे दोन मित्र तालमूदवर वाद घालतात, फ्रॉइडवर बोलतात. बहिणीच्या लग्नाचे मात्र रूवेनला थोडे वाईट वाटते आणि पान उलटते.