कोबेची पहाट

कोबेला जाण्याचा आमचा बेत अनेक वर्षे पत्रांतून शिळा होत आला होता. आमचे एक बालमित्र १९८० च्या सुमारास मोत्यांच्या एका गुजराती पेढीत हिशेबनीस म्हणून जपानला गेले, आणि तिकडचेच झाले. ते मूळचे आमच्यासारखेच बडोद्याच्या दांडिया बाजारातले. अखेर २०२५ च्या जानेवारीत आम्हा उभयतांना योग आला. सामानात तिळगूळ होता, लीलो चेवडा होता, आणि मनात एक प्रस्ताव होता. आमच्या शेजारचे बिऱ्हाड नुकतेच रिकामे झाले होते. उतारवयात मित्र आणि वहिनी यांनी परत यावे, चार भिंतींपलीकडे आम्ही असूच, हे त्यांना समक्ष सांगावयाचे होते.

मुंबईहून रात्री निघून सिंगापूरला विमान बदलले आणि ओसाकाच्या उपसागरात भराव घालून केलेल्या बेटावरील कान्साई विमानतळावर उतरलो. घड्याळाचे काटे साडेतीन तास पुढे सरकले होते. मित्र समोर उभे होते. केस पांढरे झालेले, पाठ किंचित वाकलेली, परंतु “अरे, किती उशीर!” हा स्वर मात्र शाळेच्या फाटकापाशी ऐकलेलाच.

कोबे हे डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले लांबट शहर आहे. उत्तरेला रोक्को पर्वताची ९३१ मीटर उंचीची रांग आणि दक्षिणेला बंदर. वाट चुकलेल्याने चढ कोणत्या बाजूला आहे तेवढे पाहावे, म्हणजे उत्तर सापडते. १८६८ मध्ये हे बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले. १९२३ च्या भूकंपाने योकोहामा उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील बरेच हिंदी व्यापारी कोबेला आले. एका भूकंपाने येथे आणून सोडलेली ही वस्ती दुसऱ्या भूकंपाला सामोरी जाणार होती, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

मित्रांनी पेढी दाखविली. उत्तरेच्या खिडकीशी पांढऱ्या कापडावर मोती पसरलेले होते. रोक्कोच्या बाजूने येणारा सौम्य प्रकाश मोत्याची झळाळी पारखावयास उत्तम, असे तेथील जाणकार मानतात. रंग, आकार आणि तेज पाहून एकेक दाणा वेगळा होत होता. तेथून जवळच्या कितानो टेकडीवर गेलो. परदेशी व्यापाऱ्यांच्या जुन्या कोठ्यांच्या शेजारी १९८५ साली झालेले शुभ्र संगमरवरी जैन मंदिर आहे, आणि थोडे खाली १९३५ सालची मशीद. १९४५ ची बाँबफेक आणि १९९५ चा भूकंप दोन्ही सोसून ती उभी आहे. मंदिराच्या पायरीवर एका वृद्ध बाईंनी विचारले, “तमे क्यांना?” आम्ही म्हणालो, “वडोदराना.” “एटले आपणा ज!” म्हणून त्यांनी हात धरला. बडोद्यात आमच्या घरची मराठी ऐकून आजही कोणी आम्हाला ‘मूळचे कुठले?’ म्हणून विचारतो. आणि हजारो कोसांवर गुजरातीने आम्हाला आपले म्हटले. या गमतीवर आम्ही बराच वेळ हसलो.

पहिल्याच रात्री मात्र आमच्या हातून एक चूक घडली. जपानी घरात अंग बाहेर धुऊन मग गरम पाण्याच्या टाकीत बसावयाचे असते. ते पाणी सर्वांना एकच. शेवटी स्नान केले ते आम्हीच. शहाणपणाने टाकीचे बूच काढले. पाण्याचा आवाज ऐकून वहिनी धावत आल्या आणि कोपरापर्यंत हात घालून त्यांनी बूच बसविले. “भाऊजी, हे पाणी रात्रभर राहू द्यायचं असतं,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पाहून कारण विचारण्याचा धीर झाला नाही.

कारण संक्रांतीच्या संध्याकाळी कळले. बडोद्याचे आकाश तेव्हा पतंगांनी भरले असेल, असे आम्ही म्हणत होतो. वहिनींनी शेजारच्या आजींना तिळगूळ खाण्यास बोलाविले होते. नव्वदीच्या घरातल्या त्या बाई दोन्ही हातांनी वडी घेऊन वाकल्या आणि वहिनींनी शिकविलेले “गोड बोला” एवढे म्हणाल्या. त्या गेल्यावर मित्र बोलू लागले.

१७ जानेवारी १९९५. पहाटेचे ५ वाजून ४६ मिनिटे. तेव्हा ही मंडळी नादा भागात राहत होती. जड कौलांची जुनी लाकडी घरे काही सेकंदांत बसली. मित्रांचे घर तग धरून राहिले, समोरचे कोसळले. अंधारात गल्लीतल्या माणसांनीच हातांनी तुळया उचलल्या. आजी जिवंत निघाल्या, त्यांचे यजमान निघाले नाहीत. नागाता भागातून आगीचा धूर येत होता आणि नळ कोरडे होते. वहिनी म्हणाल्या, “आग दिसत होती आणि हातात तांब्याभर पाणी नव्हतं. त्या दिवसापासून या घरात पाणी सांडून देत नाहीत.” त्या भूकंपात ६,४३४ माणसे गेली.

२६ जानेवारी २००१ ला कच्छच्या भूकंपाने बडोदे हादरले, तेव्हा कोबेहून फोन आला होता, तो आम्हाला आठवला. मित्रांचा पहिला प्रश्न होता, “पाणी भरून ठेवलंत का?” तेव्हा आम्हाला तो विचित्र वाटला होता.

दुसऱ्या दिवशी मेरिकेन उद्यानात गेलो. धक्क्याचा ६० मीटरचा भाग भूकंपाने मोडला तसाच राखला आहे. दिव्याचे खांब आजही कलते आहेत. आकाशी सामुद्रधुनीवरचा झुलता पूल तेव्हा बांधला जात होता. मनोरे उभे होते, आणि जमीन सरकल्याने त्यांच्यामधले अंतर जवळजवळ एक मीटरने वाढले. अभियंत्यांनी ते वाढलेले अंतर हिशेबात धरून १९९८ साली पूल पुरा केला.

१७ तारखेला पहाटे चारला आम्ही उठलो. भूकंपाला ३० वर्षे पूर्ण होत होती. थंडी हाडांत शिरत होती. आजींना मध्ये घेऊन आम्ही हिगाशी युएन्ची उद्यानात पोहोचलो. बांबूच्या नळ्यांतील पाण्यावर मेणबत्त्या तेवत होत्या आणि त्यांतून ‘१.१७’ हा आकडा उमटला होता. ५ वाजून ४६ मिनिटांनी तो प्रचंड जनसमुदाय निःशब्द झाला. आजींनी एका हाताने मित्रांची बाही धरली होती, दुसऱ्या हाताने वहिनींची. बडोद्यात तेव्हा रात्रीचे सव्वादोन वाजले असतील, असा विचार मनात आला आणि आमचा प्रस्ताव ओठांवरच थांबला.

तरी निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही तो बोलून दाखविला. मित्र बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बिऱ्हाडाचं ऐकून बरं वाटलं. वहिवाट सांगतो. दरवर्षी त्या पहाटे आजी दार उघडं ठेवून आमची वाट पाहतात. त्यांना मूल नाही.” मग हसून म्हणाले, “आणि तुमचे पूर्वज गायकवाडांबरोबर बडोद्याला आले, त्यांना पुण्याने कधी परत बोलावलं होतं का रे?”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. दांडिया बाजारातले आमचे घर आम्हाला परके कधी वाटले नाही. त्यांचे त्यांना का वाटावे?

ते बिऱ्हाड आता दुसऱ्यांना दिले गेले आहे. विमानतळावर निरोप घेताना वहिनींनी डोळे पुसले, मित्रांनी पुढच्या संक्रांतीला यावयाचे वचन दिले. ते खरे होईल की नाही, वयाच्या हाती. घरी परतल्यावर आम्ही एकच नवी सवय लावून घेतली आहे. रात्री दिवे मालविण्यापूर्वी न्हाणीघरातली मोठी बादली काठोकाठ भरून ठेवतो.