शब्द टाकणारी माणसं

मुलीसाठी स्थळ बघताना आपल्याकडे पत्रिका, पगार, फ्लॅट वगैरे सगळं नंतर. पहिला प्रश्न हा, की स्थळ सुचवलंय कुणी? वधू-वर मंडळाच्या यादीतून आलं असेल, तर 'बघू' म्हणतात. शाळेतल्या जुन्या बाईंनी सुचवलं असेल, तर मंडळी सरसावून बसतात. आणि एक काका असतातच. प्रत्येक लग्नात भेटणारे, दिसेल त्या मुलीला दिसेल तो मुलगा सुचवणारे. त्यांचं स्थळ चहाबरोबर ऐकायचं आणि चहाबरोबरच संपवायचं!

गूगलचा मूळ फंडा एवढाच आहे. खरंच. मी गेली नऊ वर्षं पुण्यात वेबसाइट्स गूगलवर वर आणायचं काम करतेय. घरच्यांना अजून 'ती कम्प्युटरमध्ये आहे' यापलीकडे काही सांगता येत नाही, म्हणून ही स्थळांची गोष्ट मी त्यांच्यासाठी तयार केली. दुसऱ्या कुणाच्या वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटकडे येणारा दुवा म्हणजे बॅकलिंक. साध्या मराठीत, कुणीतरी तुमच्यासाठी टाकलेला शब्द. आणि मी दिवसभर काय करते? लोकांना ईमेल करून विचारते, की आमच्यासाठी शब्द टाकाल का...

गूगलच्या आधीची सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघायची. पानावर 'हॉटेल' हा शब्द जितक्या वेळा, तितकं ते पान हॉटेलचं! मग लोक काय करणार? पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत 'हॉटेल हॉटेल हॉटेल' असं शंभरदा लिहून ठेवायचे. वाचणाऱ्याला दिसत नाही, मशीनला दिसतं. १९९६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन पोरांनी उलटा विचार केला. पान स्वतःबद्दल काय बोलतंय ते राहू दे, बाकीची पानं त्याच्याकडे बोट दाखवतात का ते बघू. संशोधकांच्या जगात हे जुनंच होतं. ज्या निबंधाचा दाखला जास्त जण देतात, तो वजनदार. यांनी तेच वेबला लावलं. प्रोजेक्टचं पहिलं नाव 'बॅकरब', कारण तो बॅकलिंका तपासायचा. १९९८ मध्ये त्यातून गूगल ही कंपनी उभी राहिली.

खरी गंमत मोजण्याच्या पद्धतीत होती. नुसती संख्या नाही. जो शब्द टाकतोय त्याला स्वतःला किती जण मानतात, तेही धरायचं. शिवाय एखाद्या पानानं दोघांकडे बोट दाखवलं तर त्याचं वजन दोघांत वाटलं जाणार, पाचशे जणांकडे दाखवलं तर पाचशेंत. म्हणजे शाळेतल्या बाई आणि लग्नातले काका यांतला फरक चक्क गणितात बसवला! आज गूगल क्रम लावताना इतर शेकडो गोष्टी बघतं, पण हा शब्द टाकण्याचा हिशेब अजून मोडीत निघालेला नाही.

आता शब्दाला किंमत आली म्हटल्यावर त्याचा बाजार भरणारच. २००० च्या दशकात ब्राउझरवर गूगलची एक हिरवी पट्टी मिळायची. कुठल्याही साइटचा पेजरँक शून्य ते दहामध्ये दाखवायची. (ती २०१६ मध्ये बंद झाली.) त्या आकड्यावर लोक भाव खायचे आणि लिंका विकायचेसुद्धा, सहावाल्याचा दर वेगळा, चारवाल्याचा वेगळा. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं जेसी पेनी या अमेरिकन दुकानसाखळीची कथा छापली. कपड्यांपासून फर्निचरपर्यंत काहीही शोधा, हेच पहिले! कारण काय, तर काडीचा संबंध नसलेल्या हजारो पानांवरून त्यांच्याकडे वळवलेले दुवे. कंपनीनं 'हे आम्ही केलेलंच नाही' म्हणत आपल्या सर्च एजन्सीला नारळ दिला. गूगलनं कारवाई केल्यावर सॅमसोनाइटच्या बॅगेसाठी पहिल्या नंबरावर असलेली कंपनी दोन तासांत एकाहत्तराव्या नंबरावर. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१२ ला, गूगलनं 'पेंग्विन' नावाचा बदल आणला आणि विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या कित्येक साइट्स रातोरात गडप झाल्या. मग उलटी वरात सुरू झाली. ज्यांना पैसे देऊन लिंक घेतली त्यांनाच 'काढा हो ती' म्हणून विनवण्या. काही जणांनी तर काढायचेही पैसे मागितले!

हे सगळं अमेरिकेत. आमच्या घरात हा विषय शिरला तो कोकणातून.

माझ्या आत्याचं घर गुहागरजवळ आहे. मागे नारळी-पोफळीची वाडी, पुढे अंगण, आणि आतेभावानं, म्हणजे दादानं, बाजूला बांधलेल्या चार खोल्या. पर्यटक राहतात, आत्या जेवायला घालते. मासे हवे असतील तर सकाळीच सांगायचं, हा तिचा नियम. २०१९ मध्ये दादानं हौसेनं वेबसाइट केली आणि मग ती कुठे दिसेना म्हणून पुण्यातल्या एका एजन्सीला गाठलं. मला न विचारता. 'तू मोठ्या कंपन्यांचं करतेस ना...' असं नंतर म्हणाला. महिन्याला आठ हजार रुपये, त्यात 'पाचशे बॅकलिंका आणि गॅरंटीड ट्रॅफिक'. सहा महिन्यांचे अठ्ठेचाळीस हजार. चार खोल्यांच्या धंद्यात ही रक्कम म्हणजे मे महिन्याची बरीचशी कमाई.

रिपोर्ट मात्र झक्कास यायचे. रंगीत, आलेखासकट. महिन्याला अकरा हजार व्हिजिटर! दादानं तो कागद आत्याला दाखवला. आत्यानं विचारलं, 'मग फोन का वाजत नाही रे?'

एवढा एकच प्रश्न पुरेसा होता. मी लॉगिन मागून बघितलं. अकरा हजारांतले बहुतेक 'पाहुणे' अशा देशांतले, की जिथून गुहागरला मासे खायला कुणी येणं शक्य नाही. पानावर थांबण्याचा वेळ दोन सेकंद. माणसं नव्हतीच ती, पानं उघडून बंद करणारे प्रोग्रॅम होते. आणि लिंका? एक दातांच्या दवाखान्यांच्या यादीत, एक ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या पानावर, काही तर जुगाराच्या साइट्सवर. सगळीकडे दुव्याचे शब्द तंतोतंत तेच, 'गुहागरमधील सर्वोत्तम होमस्टे'. अहो, खरी माणसं अशी बोलतात का? ती म्हणतात, 'त्या काकूंकडे राहिलो होतो बघ', 'ते वाडीतलं घर', नाहीतर नुसतं 'हे बघ'. तीनशे जण एकच वाक्य बोलायला लागले की ते पढवलेले साक्षीदार आहेत हे कोर्टाला कळतं, तसं मशीनलाही कळतं. २०१६ पासून गूगल अशा दुव्यांसाठी साइटला शिक्षा करण्यापेक्षा ते मोजायचंच सोडून देण्याकडे झुकलं आहे. दादाची साइट खाली गेली नाही. वरही आली नाही. पैसे खाडीत गेले, एवढंच. (तुमचीही साइट असेल तर रंगीत रिपोर्ट बाजूला ठेवा आणि गूगलचं सर्च कन्सोल उघडा. फुकट आहे, आणि कुठले शब्द शोधून किती जण तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. आणि कुणी 'डीए पन्नासच्या लिंका देतो' म्हणालं, तर तो आकडा गूगलचा नाहीच, हे लक्षात ठेवा. मॉझ नावाच्या एका कंपनीचा तो अंदाज आहे.)

इथपर्यंत सोपं होतं. दुसऱ्याची लबाडी पकडायला काय जातंय!

मग दादानं विचारलं. आमच्या ऑफिसकडे तेव्हा एका बड्या पर्यटन साइटचं काम होतं आणि तिथले कोकणावरचे लेख माझ्याच हातून जायचे. 'त्यात आपलं नाव घाल की. एक ओळ. कुणाला कळतंय?' कुणाला कळलं नसतं, हे खरं. त्या साइटचं वजन बघता फायदाही झाला असता, अगदी दणदणीत नाही पण झाला असता. मी नाही म्हणाले. ती साइट माझी नव्हती. वाचणाऱ्याला वाटलं असतं, की लिहिणाऱ्यानं चार घरं बघून हे निवडलंय आणि निवडलं असतं ते मी, घरी बसून, आत्याच्या हातची सोलकढी आठवून. कुणी पैसे देऊन दुवा घेतला तर त्यावर तशी खूण करायला गूगल सांगतं, 'स्पॉन्सर्ड' म्हणून. नात्याच्या दुव्यासाठी अशी खूण अजून निघालेली नाही!

दादाला हे पटलं नाही. का पटावं? आत्यानं फोनवर सुनावलं, 'अगं, तुझ्या आजोबांच्या नावावर अजून तालुक्याला कामं होतात आणि तुला घरच्यांसाठी एक ओळ लिहिता येत नाही?' मी गप्प. तिला काय सांगणार होते, गूगलची धोरणं? त्या वर्षी गणपतीला गेले तेव्हा दादा माझ्याशी पाऊस आणि रस्ते सोडून कशावर बोलला नाही. आरतीला शेजारी उभा होता, पण ताम्हन दुसऱ्याकडून पुढे आलं.

नंतर जे झालं ते कुठल्याही प्लॅनिंगनं झालं नाही. पुण्याकडून दापोलीमार्गे येणारे लोक दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवतात आणि खाडी ओलांडून धोपाव्याला उतरतात. बोट चुकली, तर चिपळूणवरून भलामोठा वळसा. त्यामुळे दादाला रोज तेच फोन. शेवटची बोट किती वाजता? गाडी जाते का? पावसात चालू असते का? वैतागून त्यानं एक पान लिहून टाकलं. वेळापत्रक, धक्क्यावरच्या फलकाचा फोटो, बाइकवाल्यांनी कुठे उभं राहायचं, रेल्वेनं आलात तर चिपळूणहून पुढे कसं यायचं. शेवटी त्याचा स्वतःचा नंबर. 'सर्वोत्तम होमस्टे' वगैरे एक शब्द नाही. त्याला फक्त फोन कमी करायचे होते.

एका बायकर ग्रुपनं आपल्या मार्गाच्या पानावर त्याचा दुवा दिला. शब्द होते, 'फेरीची माहिती इथे.' मग एका पक्षीनिरीक्षकानं दिला. हे बघितल्यावर मात्र मला राहवेना. शोधलं तर कोकणावरच्या कितीतरी जुन्या पानांवर फेरीच्या वेळांचे दुवे होते, पण ते मेलेले, क्लिक केलं की 'पान सापडत नाही'. मी तेवीस जणांना ईमेल केले. 'तुमचा हा दुवा बंद पडलाय, हे चालू पान आहे, योग्य वाटलं तर वापरा. पान माझ्या आतेभावाचं आहे.' चौघांनी उत्तर दिलं, दोघांनी दुवा बदलला. आमच्या धंद्यात हा आकडा वाईट नाही, विश्वास ठेवा. दादाला मी हे सांगितलं नव्हतं. त्यानं सर्च कन्सोलमध्ये बघितलं आणि मला फोन केला. बोलला पावसाबद्दलच, पण बराच वेळ.

आता 'गुहागर होमस्टे' शोधलंत तर दादा दुसऱ्या पानावर सापडेल. वरच्या जागा बड्या बुकिंग साइट्सच्या. तिथे चार खोल्यांचा माणूस पोचत नाही, त्याबद्दल कुणी कितीही गॅरंटी देवो. फेरी शोधलीत तर मात्र तो वर आहे. ज्यांना बोटीची वेळ कळते, त्यांतले काही जण विचारतात, 'तुमच्याकडे खोली आहे का?' ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल कित्येक प्रश्नांची उत्तरं एआयकडून वरच्या वर देऊन टाकतं, तेव्हापासून त्या पानावर येणारे कमी झालेत. दादा चिडतो. 'फलक मी बघून येणार, फोटो मी काढणार आणि उत्तर हा देणार!' त्याच्या चिडण्याला माझ्याकडे उत्तर नाही. वेळ बदलली की तो अजून स्वतः धक्क्यावर जाऊन येतो आणि पान दुरुस्त करतो.

हल्ली त्यालाच ईमेल येतात. फेरीच्या पानावर आमची लिंक टाका, अडीच हजार देतो. एक तर ऑनलाइन रमीवाला होता. ते तो उडवून टाकतो. पण खोल्या भरल्या की पाहुण्यांना कुठे पाठवायचं, म्हणून त्यानं खाली गावातल्या दोन घरांचे दुवे दिलेत, फुकट. तिसरं घर त्याच्या सख्ख्या चुलतभावाचं. त्याच्याकडच्या न्हाणीघरांची अवस्था बघून दादानं ते नाव घातलं नाही. चुलतभाऊ दोनदा येऊन बोलून गेला, मग त्याच्या बायकोनं आत्याला मध्ये घातलं. आत्या म्हणाली, 'मी त्यात पडत नाही.' सध्या तो घरासमोरून स्कूटर न थांबवता जातो.