बेटवातीरीची गिधाडे

२८ ऑक्टोबरला संत ज्यूड यांच्या सणासाठी झाशीच्या तीर्थमंदिरी जाणाऱ्या भाविकांनी सवड काढून ओरछा अवश्य पाहावे. झाशीहून ते अवघ्या पाचसहा कोसांवर आहे. तेथे बेटवा नदीच्या काठी बुंदेल राजांच्या उत्तुंग छत्र्या उभ्या आहेत. आम्ही गेलो ते त्यांचे शिल्प पाहावयास. परंतु दृष्टी खिळली ती शिखरांवर ऊन खात बसलेल्या लांब चोचीच्या गिधाडांवर. राजांच्या स्मारकांवर मेलेले ढोर खाणाऱ्या पक्ष्यांनी बिऱ्हाड थाटले आहे!

गिधाड म्हटले की आपण नाक मुरडतो. मोशेच्या नियमशास्त्रातही ते अशुद्ध पक्ष्यांत गणले आहे. तथापि निर्मात्याने त्यास नेमून दिलेले काम थोर आहे. आभाळात घिरट्या घालताना त्याला दूरवरचे मढे दिसते. एक उतरले की बाकीची मागोमाग येतात. प्रभूनेही याचा दाखला दिला आहे. डोके व मान जवळजवळ बोडकी असल्याने घाण पिसांना चिकटत नाही, आणि जठरातील तीव्र अम्लात बहुतेक रोगजंतू मरतात. थवा मोठा असला तर तासाभरात बैलाचा सांगाडा तेवढा उरतो.

असे थवे १९९० नंतर झपाट्याने विरळ झाले. १९९२ ते २००७ या काळात या जातीची गिधाडे शेकडा सुमारे ९७ नी घटली. गुरांच्या दुखण्यावर टोचले जाणारे डायक्लोफेनॅक हे त्याचे कारण २००४ साली उघड झाले. औषध टोचलेले जनावर लगेच दगावले व गिधाडाने ते खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. गिधाडे गेली तशी मढ्यांवर मोकाट कुत्री जमू लागली. पिसाळलेल्या कुत्र्याचे भय खेड्यातील आईबापांस सांगावयास नको.

सरकारने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवरही घातली. परंतु गोठा आपला आहे. माणसांसाठीचे इंजेक्शन गुरास टोचू नये. गुरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागावे, ते गिधाडांस बाधत नाही. मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते. गेलेला थवा भरून यावयास पिढ्या लागतात. तो पुन्हा उणा होऊ न देणे मात्र आपल्या हाती आहे.