त्रुटित पोथी आणि एक मासा

हेलिकोप्रिऑनचे पहिले चित्र पाहिले तेव्हा आम्हां दोघांनाही हसू आले होते. लांबट मासा, वरच्या जबड्याचे टोक पुढे वाढून नाकाडावर गुंडाळलेले आणि त्या गुंडाळीच्या कडेने करवतीसारखे दात. हे कुणा हौशी चित्रकाराचे काम नव्हते. १८९९ साली या प्रजातीला नाव देणारे रशियन भूवैज्ञानिक अलेक्सांद्र कार्पिन्स्की यांच्याच तर्कातून ते उतरले होते. ‘हेलिकोप्रिऑन’ म्हणजे सर्पिल करवत. नाव अचूक, चित्र मात्र साफ चुकलेले.

कार्पिन्स्कींचा दोष किती? शार्कप्रमाणेच या माशाचाही सांगाडा कूर्चेचा होता आणि कूर्चा सहसा अश्मीभूत होत नाही. उरल परिसरातील क्रास्नोउफिम्स्क येथून त्यांच्या हाती आले ते एवढेच: दगडातले दातांचे वेटोळे. शाळिग्रामातले चक्र हे अ‍ॅमोनाइटच्या शंखाचे असते. हेही वेटोळे प्रथमदर्शनी तसेच काही वाटावे. त्यापूर्वी, १८८६ साली, ऑस्ट्रेलियात सापडलेला अशाच वेटोळ्याचा तुकडा हेन्री वुडवर्ड यांनी पराचा काटा मानला होता. हे दातच आहेत, हे कार्पिन्स्कींनी ओळखले. चुकली ती जागा. पुढे हेच वेटोळे पाठीवरच्या परांवर, शेपटीवर, खालच्या जबड्याच्या टोकाला, अगदी घशातदेखील बसवून पाहिले गेले. संहिता तीच, अन्वय मात्र दर पिढीला नवा.

आम्ही हसलो खरे, पण आमच्या कपाटातही एक वेटोळे आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी आम्हांला एका जुन्या घरातून पोथीची अकरा सुटी पाने मिळाली. आरंभ नाही, अंत नाही, पुष्पिका नाही. होता तो एका स्त्रीचा विलाप, सलग प्रथमपुरुषी. स्त्रीलिंगी रूपे इतकी सहज, दु:खाचा तपशील इतका घरगुती की, ही कोणी अज्ञात कवयित्री आहे असे आम्ही ठरवूनच टाकले आणि तसा लेख लिहिला. लेखाचे कौतुक झाले. (कवयित्री सापडणे सगळ्यांनाच हवे असते, आम्हांला तर फारच हवे होते.) पुढच्याच वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने एम.फिल.च्या प्रबंधिकेत या कवयित्रीवर एक पूर्ण प्रकरण लिहिले.

सहा वर्षांनी दुसऱ्या एका संग्रहात त्याच आख्यानाची पूर्ण प्रत मिळाली. पुष्पिकेत कवीचे नाव होते आणि कवी पुरुष होता. आमची अकरा पाने म्हणजे त्याच्या आख्यानातला द्रौपदीचा विलाप. आवाज स्त्रीचा, हे आम्ही बरोबर ऐकले होते. तो कोणाच्या तोंडी आहे, तेवढे चुकले होते.

हेलिकोप्रिऑनची पूर्ण प्रत कधीच मिळाली नाही. परंतु अमेरिकेतील आयडाहो राज्यात फॉस्फेटच्या खाणीत सापडलेल्या एका नमुन्यात दातांभोवतीची थोडी कूर्चाही टिकली होती. डॅनिश अभ्यासक बेंडिक्स-आल्मग्रेन यांनी १९६६ साली त्याचे वर्णन केले. त्याच दगडाचे लेओ तापानिला आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅन केले आणि निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. दगड न फोडता जबडा दिसला. वेटोळे खालच्या जबड्यातच होते, टोकाला लोंबणारे नव्हे, तर पूर्ण जबडा व्यापून उभे राहिलेले. सुमारे २३ सेंटिमीटर व्यासाच्या त्या वेटोळ्यात ११७ दात. वरच्या जबड्यात एकही नाही. शिवाय हा मासा खऱ्या शार्कांपेक्षा आजच्या कायमेरा माशांच्या अधिक जवळचा ठरला.

आम्हांला त्याहून विलक्षण वाटते ते निराळेच. शार्कचे जुने दात झडून जातात. याचे झडत नसत. नवा, मोठा दात मागून येई आणि जुना आत-आत वळत जाई. त्यामुळे वेटोळ्याच्या अगदी मध्यभागी त्या माशाचे बाळपणीचे दात आहेत. सुमारे सत्तावीस कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याने आपला एकही दात टाकलेला नाही!

आम्ही आमचा खुलासा छापला तो दुसऱ्याच विषयावरच्या लेखात, दोन ओळींच्या तळटीपेत. तो विद्यार्थिनीच्या वाचनात येणार नाही हे आम्हांला ठाऊक होते. आमच्यापैकी एकाचे अजूनही म्हणणे आहे की, विलाप मूळ आख्यानापेक्षा जुना असून नंतर त्यात गोवला गेला असावा. दुसऱ्याच्या मते ही निव्वळ पळवाट आहे.

ती विद्यार्थिनी आता स्वत: शिकवते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, “सर, ती पाने माझ्या मुलांना एकदा दाखवायची आहेत. कवयित्रीचे हस्ताक्षर बघू देत त्यांना.” आम्ही होकार दिला, पुढचे बोलणे राहून गेले. रविवारी ती मुलांना घेऊन येणार आहे. अकरा पाने कपाटातून काढली आहेत आणि पूर्ण प्रतीची छायाप्रतही त्यांच्याशेजारी ठेवली आहे, पुष्पिकेचे पान वर करून.