तीन पिशव्यांतली सुकट

विरार पश्चिमेला आम्ही दोघे नवरा-बायको १९९४ साली राहायला आलो. त्याआधी वरळीच्या बीडीडी चाळीत एका खोलीत आम्ही सात माणसे होतो. धाकट्या दिराचे लग्न ठरले, तेव्हा आम्हीच बिऱ्हाड बाहेर काढले. विरारला त्या काळी खोली परवडत होती. पाणी मात्र नव्हते. टँकर आला की हंडे-कळशा घेऊन जिन्यावर पळापळ होई. त्या गर्दीत कोण कुणाच्या हंड्याला शिवले हे बघायला कुणाला सवड नसे. तेवढे एक सुख त्या टंचाईत होते.

विवा महाविद्यालयाच्या बाजूला असलेली आमची गल्ली आता विद्यार्थ्यांनीच भरलेली असते. सकाळी सातपासून चहाच्या टपरीवर मुले उभी. एक कटिंग घ्यायचे, दुसरा रिकामा ग्लास मागून त्यात अर्धे ओतायचे आणि दोघांनी प्यायचे. अकराच्या सुमाराला वडापावची गाडी, दुपारी डोसा, संध्याकाळी लालभडक चायनीज भेळ. उन्हाळ्यात आदिवासी बाया पाटीत ताडगोळे घेऊन बसतात. मुली डबा आणतात आणि मैत्रिणींमध्ये उघडतात. मुलांचे मात्र बहुधा गाडीवरच चालते.

हे पाहायला आम्हाला आवडते. आमच्या वडिलांच्या वेळी गावच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे. चहा पिऊन ती स्वतःच विसळून जागेवर ठेवायची. पाणी वरून ओंजळीत. हे आम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून एका ग्लासातला चहा दोन ग्लासांत ओतणारी पोरे दिसली की बरे वाटते. टपरीवर कुणी आडनाव विचारत नाही.

आडनाव विचारतात ते खोली भाड्याने देताना.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर चार मुले भाड्याने राहतात. त्यातला एक हिंगोली जिल्ह्यातला. आई-वडील शेतमजूर, मुलगा बी.एस्सी. करतो. रविवारी विहारात वंदनेला येतो, शेवटच्या रांगेत बसतो. जिन्यात भेटला की "जयभीम काका, जयभीम काकू" म्हणणार आणि खाली मान घालून जाणार. जेवलास का विचारले तर उत्तर ठरलेले, "हो काकू, आत्ताच जेवलो."

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तो जिन्यावर कठडा धरून बसलेला दिसला. चेहरा पांढराफटक. घरात आणून साखरपाणी दिले, वरणभात वाढला. त्याने तीनदा भात घेतला तेव्हा आमच्या लक्षात आले. हळूहळू बोलता झाला. सकाळी अर्धे कटिंग, दुपारी एक वडापाव. गाडीवाल्याकडून सुकी चटणी जास्त मागून घ्यायची, वड्याबरोबर पाव अर्धाच खायचा आणि उरलेला अर्धा पाव चटणी लावून रात्रीसाठी कागदात ठेवायचा. फारच भूक लागली तर दोन केळी. वडापाव पंधरा रुपयांना, खाणावळीचा महिना तीन हजारांच्या पुढे. त्याचे गणित आम्हाला कळत होते, पण पोटाला कुठे कळते?

वर तो म्हणाला, "काकू, बाबासाहेब लंडनला उपाशी राहूनच शिकले ना?"

आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. खरे आहे ते. १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, तेव्हा सकाळी मोजकी न्याहारी आणि रात्री पापडांवर भागवून त्यांनी अभ्यास केला, हे आपण सगळ्यांनी चरित्रांत वाचले आहे आणि भाषणांत ऐकले आहे. भाषण करणारा ते सांगतो, टाळ्या पडतात आणि मग आयोजकांकडचे जेवण होते. (आम्हीही जेवलो आहोत.) पण त्याच बाबासाहेबांनी परत आल्यावर काय केले? बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला मुलांचे वसतिगृह सुरू केले. पोरांना राहायला जागा आणि दोन वेळचे अन्न मिळावे म्हणून. उपाशी राहून शिका, एवढेच सांगायचे असते तर त्यासाठी वसतिगृह कशाला काढावे लागले असते? हे आम्ही त्याला म्हणालो. त्याला पटले की नाही कोण जाणे, पण चौथ्यांदा भात घेतला.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या आपल्या मुलांसाठी शासनाची स्वाधार योजना आहे, २०१६-१७ पासून. ती आली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी भोजनाचे वर्षाला ३२,००० रुपये ठरले होते. भागून पाहिले तर दिवसाला अठ्ठ्याऐंशी रुपयेही होत नाहीत. त्याने अर्ज भरावा म्हणून कागदपत्रांची यादी आम्ही लिहून दिली. ते काम चालू आहे.

पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे. "घरून काही येत नाही का रे?" असे विचारल्यावर तो खोलीत गेला आणि एक पुडके घेऊन आला. तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या, एकीत एक, तिन्हींना गाठी. आत सुकट. आईने आठवडी बाजारातून घेऊन, भाजून, एसटीने पाठवलेली. चार महिने ती बॅगेच्या तळाशी पडून होती. खोली देतानाच मालकाने बजावले होते, मच्छी-मटण चालणार नाही, वास आला तर दुसऱ्या दिवशी खोली खाली. त्याआधी दोन खोल्या आडनाव सांगितल्यावर हातच्या गेल्या होत्या. ही तिसरी तो कशाला घालवेल? म्हणून पोटात भूक आणि बॅगेत आईच्या हातची सुकट, असा त्याचा पावसाळा चालला होता.

आम्हाला मालकाचा राग आला. मग रात्री, दिवा मालवल्यावर, स्वतःचाच आला. अर्नाळ्याचा किनारा इथून रिक्षाने अर्ध्या तासावर. तिथे वलांडीवर बोंबील वाळत असतात. त्या मुलाच्या आईने बाजारात घेतलेली सुकट कदाचित याच किनाऱ्यावरून हिंगोलीला गेली असेल आणि एसटीने परत इकडे आली असेल. आणि आम्ही? १९९४ ला या इमारतीत आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात बोंबील भाजले, तर वरच्या मजल्यावरून खिडकी धाडकन लागली. कुणी काही बोलले नाही. त्यानंतर आम्ही खिडक्या लावून भाजू लागलो. मग अगरबत्ती लावून. मग मुलांना सांगितले, शाळेत डब्यात काय आणले विचारले तर भाजी म्हणा. आणि मग कधीतरी घरात बोंबील येणेच बंद झाले. आम्हाला कुणी मनाई केली नव्हती. आमचे घर तर आमच्याच मालकीचे होते.

वास्तविक वसईच्या मातीत हे सोवळे कुठून आले, याचे नवल वाटते. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. पाव हा शब्द त्यांचा, बटाटा हाही त्यांचाच. मिरची तर थेट अमेरिकेतली. म्हणजे गाडीवरचा वडापाव निम्म्याहून अधिक परदेशी. तोच बटाटा उपवासालाही चालतो, त्याला कुणी आडनाव विचारत नाही. समुद्र ओलांडून आलेला बटाटा घरचा झाला आणि अर्नाळ्याचा बोंबील परका.

दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर त्याला घरी बोलावले. ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या. सुकट निवडून धुतली, कांदा, लसूण, लाल तिखट घालून परतली. वास घरभर झाला. आमच्यातला एक जण सवयीने खिडकी लावायला उठला, खिडकीपर्यंत गेला आणि तसाच परत येऊन पाटावर बसला. त्या मुलाने पहिला घास घेतला आणि बराच वेळ वर पाहिलेच नाही.

आता त्याच्या खोलीतले आणखी दोघे रविवारी येतात. एक साताऱ्याचा, एक उत्तर प्रदेशचा. उत्तर प्रदेशचा मासे खात नाही, त्याच्यासाठी वेगळी डाळ करतो, तो शेजारीच बसून जेवतो. पैसे आम्ही घेत नाही, म्हणून मुले आळीपाळीने पीठ आणतात. बाकीच्या दिवशी रात्री हिंगोलीच्या मुलाचे ताट आमच्याकडेच असते. आधी लाजायचा, आता आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगतो.

मधे वासाची तक्रार सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेली. कुणी केली, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. विषय मीटिंगमध्ये ठेवू, असे ते म्हणाले. ठेवा, म्हटले, आम्ही दोघेही येऊ. मीटिंग अजून व्हायची आहे. मुले येतात.